जुन्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये एकाच पात्राला दोन क्लास: नवख्या खेळाडूंसाठी मार्गदर्शन

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाची अलीकडची आवृत्ती खेळून आलेला खेळाडू जुन्या आवृत्तीच्या टेबलावर पहिल्यांदा बसतो, तेव्हा त्याची सर्वांत मोठी फसगत राक्षसांमुळे होत नाही, तर ‘मल्टिक्लास’ या एका शब्दामुळे होते. सन २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून या शब्दाचा अर्थ असा झाला आहे की, पात्राची पातळी वाढली की प्रत्येक वेळी खेळाडूने नव्याने ठरवावे, ही पातळी फायटरची (लढवय्याची) घ्यायची की जादूगाराची. जुन्या पुस्तकांत असे काहीही नव्हते. तिथे क्लास, म्हणजे पात्राचे पेशे, एकत्र करण्याचे दोन पूर्णपणे वेगळे मार्ग होते, ते वेगवेगळ्या वंशांसाठी (मानव, एल्फ, ड्वार्फ वगैरे) राखून ठेवलेले होते आणि दोहोंची किंमत वेगळ्या पद्धतीने चुकवावी लागत असे. या लेखात ते दोन्ही मार्ग पायरीपायरीने समजावून घेऊ. आधार म्हणून मी १९८९ची ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची दुसरी आवृत्ती घेतली आहे, कारण तिच्यातील मांडणी सर्वांत स्वच्छ आहे. १९७८च्या पहिल्या आवृत्तीतील प्लेअर्स हँडबुकमध्ये जिथे लक्षात घेण्याजोगा फरक आहे, तिथे तो सांगितला आहे.

पहिली पायरी: टेबलावर कोणते पुस्तक आहे ते विचारा

‘आम्ही जुने डी अँड डी खेळतो’ एवढ्या माहितीवर पात्र बनवायला बसू नये, कारण जुन्या खेळाच्या किमान तीन शाखा आहेत आणि तिन्हींमध्ये या प्रश्नाचे उत्तर वेगळे आहे. १९७४ च्या मूळ पुस्तिकांमध्ये फायटिंग-मॅन (लढवय्या), मॅजिक-यूझर (जादूगार) आणि क्लेरिक (पुरोहित) असे तीनच क्लास होते. त्यात एल्फ खेळणाऱ्याला मोकळीक होती की एका मोहिमेत त्याने लढवय्या व्हावे आणि दुसऱ्या मोहिमेत जादूगार व्हावे, मात्र एकाच खेळाच्या मध्यावर भूमिका बदलता येत नसे. क्लास एकत्र करण्याच्या पुढच्या सगळ्या नियमांचे बीज या एका मजेशीर सवलतीत आहे.

दुसरी शाखा बेसिक संचांची. १९८१च्या बेसिक संचात वंश हाच क्लास असतो, म्हणजे ‘एल्फ’ हा स्वतःच एक क्लास आहे. तो चिलखत घालून लढतो आणि मंत्रही म्हणतो. त्याची किंमत म्हणून त्याला दुसऱ्या पातळीसाठी फायटरच्या २,००० ऐवजी ४,००० अनुभवगुण (मोहिमांतून मिळणारे आणि पातळी वाढवणारे गुण) लागतात आणि दहाव्या पातळीवर त्याची वाढ थांबते. अशा टेबलावर बसणार असाल तर तुमचे काम इथेच संपले, कारण जोडणी लेखकाने आधीच करून ठेवलेली आहे. तिसरी शाखा ॲडव्हान्स्डची, आणि पुढे जे येते ते सगळे तिच्याविषयी आहे.

मूळ पुस्तके हाताशी नसली तरी अडत नाही. पहिल्या आवृत्तीचे नियम नव्याने लिहून काढणारे ‘ऑस्रिक’ आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी ‘फॉर गोल्ड अँड ग्लोरी’ या दोन्ही नियमावल्या विनामूल्य वाचता येतात.

दुसरी पायरी: दोन शब्द वेगळे करा

मल्टिक्लास पात्र पहिल्या दिवसापासून दोन किंवा तीन क्लासचे असते आणि शेवटपर्यंत ते सगळे क्लास सोबतच वाढवते. हा मार्ग फक्त मानवेतर वंशांना खुला आहे. ड्युअल-क्लास पात्र आधी एका क्लासमध्ये वाढते, मग तो क्लास कायमचा मागे टाकून दुसऱ्यात पहिल्या पातळीपासून पुन्हा सुरुवात करते. हा मार्ग फक्त मानवांना खुला आहे.

थोडक्यात, ‘मला दोन क्लास हवेत’ असे म्हणण्याआधी वंश ठरवावा लागतो, आणि वंश ठरला की मार्ग आपोआप ठरतो. नवीन आवृत्तीतला मल्टिक्लास हा खरे पाहता जुन्या ड्युअल-क्लासच्या जवळचा आहे, आणि जुन्या मल्टिक्लासचे पुढे फारसे वारसदार उरले नाहीत. हा उलटा नामबदल एकदा ध्यानात घेतला की पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

मानवांना एक आणि इतरांना दुसरा, अशी विभागणी का केली असावी, हे विचारणे स्वाभाविक आहे. खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७९च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये मानवकेंद्री जगाची बाजू मोकळेपणाने मांडली आहे. एल्फाला अंधारात दिसते, ड्वार्फाला जादूचा परिणाम कमी होतो, आणि वर या मंडळींना दोन-दोन क्लास मिळतात. मग मानव कोणी का व्हावे? त्यांचे उत्तर असे की, मानवाला पातळीची मर्यादा नसावी आणि इतरांना ती असावी. हे उत्तर कागदावर जितके पटते तितके टेबलावर पटत नाही, असे माझे मत आहे. त्याचे कारण सहाव्या पायरीत येईल.

तिसरी पायरी: वंशाच्या यादीत आपली जोडी शोधा

मानवेतर वंश निवडला म्हणजे कोणतीही जोडी चालेल असे नाही. दुसऱ्या आवृत्तीत क्लासचे चार गट आहेत: वॉरियर (लढवय्ये), विझार्ड (जादूगार), प्रीस्ट (पुरोहित) आणि रोग (चोर-लबाड). जोडी नेहमी वेगवेगळ्या गटांतून होते आणि प्रत्येक वंशाची यादी छापलेली असते. हाफलिंगची यादी सर्वांत छोटी आहे, कारण त्याला फायटर-थीफ (लढवय्या आणि चोर) ही एकच जोडी मिळते. ड्वार्फाला फायटर-थीफ आणि फायटर-क्लेरिक या दोन जोड्या आहेत. ड्वार्फ जादूगार होऊच शकत नसल्यामुळे मेजची (दुसऱ्या आवृत्तीतल्या सर्वसाधारण जादूगाराची, म्हणजे जुन्या मॅजिक-यूझरची) जोडी मागण्याचा प्रश्नच येत नाही.

एल्फाला फायटर, मेज आणि थीफ या तिघांमधून कोणतेही दोन घेता येतात किंवा तिन्ही एकत्र घेता येतात. इथे नवखे हमखास चुकतात. एल्फ क्लेरिक होऊ शकतो, म्हणून क्लेरिक-मेज एल्फही होईल असे त्यांना वाटते, पण यादीत ती जोडी नाही. ती हवी असेल तर हाफ-एल्फाकडे वळावे लागते. हाफ-एल्फाची यादी सर्वांत मोठी आहे. क्लेरिक-मेज, क्लेरिक-रेंजर (रेंजर म्हणजे रानावनातला लढवय्या) आणि क्लेरिक-फायटर-मेज अशा जोड्या त्याच्याकडेच आहेत, आणि काही ठिकाणी क्लेरिकच्या जागी ड्रुइडही (निसर्गपूजक पुरोहित) घेता येतो. नोम या बुटक्या वंशाची गंमत निराळी आहे. एखाद्या विशिष्ट शाखेत प्रावीण्य मिळवणाऱ्या जादूगाराला एरवी मल्टिक्लास करता येत नाही, पण नोमाला इल्यूजनिस्ट (भ्रम निर्माण करणारा जादूगार) मात्र फायटर, क्लेरिक किंवा थीफ यांच्यापैकी एकासोबत घेता येतो.

पहिल्या आवृत्तीत हाफ-ऑर्क हा वंश आणि असॅसिन (मारेकरी) हा क्लासही होता, त्यामुळे क्लेरिक-असॅसिन किंवा फायटर-असॅसिन अशा काळ्याकुट्ट जोड्या हाफ-ऑर्काच्या वाट्याला येत असत. दुसऱ्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकातून वंश आणि क्लास दोन्ही वगळले गेले.

मल्टिक्लाससाठी क्षमतागुणांची (ताकद, बुद्धी अशा गुणांच्या आकड्यांची) अट फारशी कठीण नाही. प्रत्येक क्लासची जी किमान अट आहे तीच पुरी करावी लागते. फायटरला ताकद ९, मेजला बुद्धी ९, थीफला चापल्य ९ आणि क्लेरिकला शहाणपण ९ पुरते. रेंजर मात्र महाग आहे, कारण त्याला ताकद आणि चापल्य प्रत्येकी १३, तर काटकपणा आणि शहाणपण प्रत्येकी १४ लागते. इल्यूजनिस्टला चापल्य १६ लागते.

चौथी पायरी: अनुभवगुणांची वाटणी मांडा

मल्टिक्लासचा गाभा हा एकच नियम आहे: मिळालेले अनुभवगुण सगळ्या क्लासमध्ये समान वाटायचे. तुम्ही संपूर्ण मोहिमेत एकही मंत्र म्हटला नसला तरी अर्धे गुण मेजच्या खात्यात जातात. ही वाटणी खेळाडूच्या मर्जीवर नसते, आणि एखादा क्लास आधी पुढे न्यावा म्हणून सगळे गुण त्याच्याकडे वळवता येत नाहीत.

‘अर्धे गुण म्हणजे निम्मी पातळी’ असा हिशेब बहुतेकजण मनात करतात आणि घाबरून एकाच क्लासचे पात्र घेतात. हा हिशेब चुकीचा आहे. का, ते आकड्यांतच पाहू. दुसऱ्या आवृत्तीत फायटरला दुसऱ्या पातळीसाठी २,००० गुण लागतात, तिसऱ्यासाठी ४,०००, चौथ्यासाठी ८,०००, पाचव्यासाठी १६,०००, सहाव्यासाठी ३२,००० आणि सातव्यासाठी ६४,०००. मेजला दुसऱ्यासाठी २,५००, मग ५,०००, १०,०००, पाचव्यासाठी २०,०००, सहाव्यासाठी ४०,००० आणि सातव्यासाठी ६०,०००. हे आकडे जवळजवळ प्रत्येक पायरीला दुप्पट होत जातात. ज्या तक्त्यात पुढची पातळी गाठायला दुप्पट गुण लागतात, त्यात निम्मे गुण मिळणे म्हणजे साधारण एक पातळी मागे राहणे.

समजा, एकूण ४०,००० गुण मिळाले आहेत. निव्वळ फायटर सहाव्या पातळीवर असेल आणि निव्वळ मेजही सहाव्याच पातळीवर असेल. फायटर-मेज एल्फाला प्रत्येक बाजूला २०,००० गुण मिळतील, म्हणजे तो पाचव्या पातळीचा फायटर आणि त्याच वेळी पाचव्या पातळीचा मेज असेल. तिसऱ्या श्रेणीचा मंत्र मेजला पाचव्या पातळीपासून मिळतो, म्हणून त्याच्याकडे अग्निगोलाचा मंत्रही आहे. फरक एवढाच की सहाव्या पातळीच्या मेजकडे असे दोन मंत्र आहेत आणि याच्याकडे एकच. तलवार उपसली तर त्याचा थॅको १६ आहे आणि निव्वळ फायटरचा १५. थॅको म्हणजे शून्य चिलखताच्या शत्रूला लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर पडायला हवा असलेला आकडा, त्यामुळे तो जितका लहान तितका चांगला. एका अंकाच्या तोट्यावर हातात तलवार आणि मंत्रपोथी दोन्ही आली. थॅको असो वा संकटातून वाचण्याचे सेव्हिंग थ्रो असोत, मल्टिक्लास पात्र नेहमी आपल्या क्लासमधला उत्तम आकडा वापरते.

एकूण ८०,००० गुणांवर हेच चित्र एक पायरी वर सरकते: निव्वळ फायटर आणि मेज सातव्या पातळीवर, आपला एल्फ सहाव्यावर. पण नवव्या-दहाव्या पातळीनंतर तक्त्याचा स्वभाव बदलतो. फायटरला नवव्यासाठी २,५०,००० गुण लागतात आणि त्यापुढे प्रत्येक पातळीला तेवढेच, म्हणजे दुपटीची चढण संपून सपाट रस्ता सुरू होतो. सपाट रस्त्यावर निम्म्या वेगाने चालणारा खरोखरच मागे पडतो. एकूण २०,००,००० गुणांवर निव्वळ फायटर सोळाव्या पातळीवर पोहोचतो आणि निव्वळ मेज पंधराव्या, तर फायटर-मेज (दोन्हीकडे १०,००,०००) दोन्ही बाजूंना बाराव्यावर असतो. तुमचा गट सहसा आठव्या-नवव्या पातळीच्या आसपास मोहीम संपवून नवी सुरू करत असेल, तर हा तोटा तुम्हाला कधी दिसणारही नाही.

तीन क्लासच्या पात्राबद्दल मात्र सावध राहावे. एकूण ६०,००० गुणांवर फायटर-मेज-थीफ एल्फ पाचव्या पातळीचा फायटर, पाचव्या पातळीचा मेज आणि सहाव्या पातळीचा थीफ असतो. निव्वळ फायटर तिथे सहाव्यावर आणि निव्वळ थीफ सातव्यावर असतो. आकडे वाईट नाहीत, पण सुरुवातीच्या तीन-चार पातळ्या ओलांडेपर्यंत हे पात्र ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीचे चालतेबोलते उदाहरण असते. पहिले पात्र तीन क्लासचे घेऊ नये, असा सल्ला मी बिनदिक्कत देतो.

पाचवी पायरी: हिट पॉइंट, चिलखत आणि शस्त्र

पातळ्यांमध्ये न दिसलेली किंमत हिट पॉइंटमध्ये, म्हणजे पात्र किती मार झेलू शकते त्या आकड्यात, चुकवावी लागते. फायटर प्रत्येक पातळीला दहा बाजूंचा फासा टाकतो, क्लेरिक आठ बाजूंचा, थीफ सहा बाजूंचा आणि मेज चार बाजूंचा. मल्टिक्लास पात्र ज्या क्लासची पातळी वाढली त्याचा फासा टाकते आणि येणाऱ्या आकड्याला क्लासच्या संख्येने भागते. वर घेतलेल्या पाचव्या-पाचव्या पातळीच्या एल्फाचे सरासरी हिट पॉइंट २० होतात. त्याच गुणांवरच्या निव्वळ फायटरचे सरासरी ३३ होतात आणि निव्वळ मेजचे १५. म्हणजे हा एल्फ फायटरइतका अचूक वार करतो खरा, पण फायटरइतके वार झेलू शकत नाही. नवखा खेळाडू त्याला पहिल्या रांगेत उभा करतो आणि तिसऱ्या फेरीत त्याच्यासाठी बरे करणारा मंत्र शोधत बसतो. माझा स्वतःचा पहिला एल्फ असाच एका कोबोल्डांच्या गुहेत गेला, आणि दोष सर्वस्वी माझाच होता.

दोन्ही क्लासच्या पातळ्या वेगवेगळ्या वेळी वाढतात, हेही लक्षात ठेवावे. क्लेरिकला दुसऱ्या पातळीसाठी १,५०० गुण लागतात आणि फायटरला २,०००. म्हणून फायटर-क्लेरिक एकूण ३,००० गुणांवर क्लेरिक म्हणून वाढतो आणि आठ बाजूंच्या फाशाचा निम्मा आकडा घेतो. पुढे एकूण ४,०००वर तो फायटर म्हणून वाढतो आणि दहा बाजूंच्या फाशाचा निम्मा आकडा घेतो. विषम आकडा आला की अर्धा उरतो. तो आम्ही कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवतो आणि पुढच्या अर्ध्याला जोडतो, पण तुमच्या डन्जन मास्टरला (खेळ चालवणाऱ्याला) आधी विचारावे.

चिलखताचा नियम दोन आवृत्त्यांत खूप वेगळा आहे आणि इथे वाद हमखास होतात. पहिल्या आवृत्तीतला फायटर-मॅजिक-यूझर एल्फ चिलखत घालून मंत्र म्हणू शकत असे. दुसऱ्या आवृत्तीत ती मुभा गेली. चिलखत घालता येते, पण अंगावर असेपर्यंत मंत्र म्हणता येत नाही. अपवाद एकच, एल्फांनी विणलेले साखळी-चिलखत, आणि म्हणूनच दुसऱ्या आवृत्तीतला प्रत्येक फायटर-मेज खजिन्याच्या पेटीत आधी तेच शोधतो. फायटर-थीफाचेही असेच आहे. जड चिलखत घालण्याचा त्याला हक्क आहे, पण ते घातले की चोरट्याच्या बहुतेक कौशल्यांचा उपयोग होत नाही. त्यामुळे अनुभवी खेळाडू त्याच्यासाठी दोन पोशाख ठेवतात, एक दबक्या पावलांनी पुढे जाण्यासाठीचा आणि दुसरा ठरलेल्या लढाईसाठीचा.

क्लेरिकच्या शस्त्राबाबतही आवृत्त्यांत फरक आहे. पहिल्या आवृत्तीत फायटरसोबत जोडलेल्या क्लेरिकला धारदार शस्त्र चालत असे. दुसऱ्या आवृत्तीत दुसरा क्लास कोणताही असला तरी क्लेरिकवरचे शस्त्रबंधन पाळावे लागते, त्यामुळे फायटर-क्लेरिक गदा किंवा हातोडा घेऊनच लढतो, मात्र फायटरच्या थॅकोने. शिवाय एकाच शस्त्रात विशेष प्रावीण्य मिळवण्याचा हक्क दुसऱ्या आवृत्तीत फक्त एकाच क्लासच्या फायटरला आहे. निव्वळ फायटर खेळण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे, आणि आकड्यांची तुलना करताना ते विसरले जाते.

सहावी पायरी: पातळीची मर्यादा तपासा

मानवेतर वंशांना प्रत्येक क्लासमध्ये कमाल पातळी ठरवून दिलेली आहे. दुसऱ्या आवृत्तीत एल्फ फायटर बाराव्यावर थांबतो आणि एल्फ मेज पंधराव्यावर. ड्वार्फ फायटर पंधराव्यापर्यंत जातो, पण ड्वार्फ क्लेरिक दहाव्यापर्यंतच. हाफलिंग फायटरची वाढ नवव्यावरच खुंटते. क्लासचा मुख्य क्षमतागुण उत्तम असल्यास काही पातळ्या वाढवून देण्याचा पर्याय डन्जन मास्टरला आहे. पहिली आवृत्ती याहून कितीतरी कडक होती. तिच्यात अठरा ताकदीचा एल्फसुद्धा फायटर म्हणून सातव्या पातळीपुढे जात नसे.

मल्टिक्लास पात्राला ही मर्यादा दुहेरी टोचते. एका क्लासने आपली कमाल पातळी गाठली तरी अनुभवगुणांची वाटणी तशीच चालू राहते. एकत्र कुटुंबात थोरल्याचे पोट भरले, तो उठून गेला, तरी त्याच्या पानात वाढणे थांबत नाही आणि ते अन्न धाकट्याच्या पानात वळवताही येत नाही, असा हा प्रकार आहे. पहिल्या आवृत्तीचा फायटर-मॅजिक-यूझर एल्फ सातव्या पातळीचा फायटर झाला की त्यानंतरचे त्याचे निम्मे गुण सरळ वाया जातात.

तरीही मला हा समतोल पटत नाही, कारण फायदा पहिल्या दिवसापासून मिळतो आणि दंड काही वर्षांनी. दुसऱ्या आवृत्तीत एल्फ फायटरची बारावी पातळी गाठायला फायटरच्या खात्यात १०,००,००० गुण जमावे लागतात, म्हणजे पात्राने एकूण २०,००,००० मिळवावे लागतात. तिथपर्यंत पोहोचणारी पात्रे फार थोडी. नवख्याने ही पायरी करून पाहावी ती एवढ्यासाठीच की आपला गट पहिल्या आवृत्तीवर दीर्घ मोहीम खेळणार असेल, तर निवड बदलू शकते.

सातवी पायरी: मानव असाल तर ड्युअल-क्लासचा हिशेब

आता मानवांकडे वळू. ड्युअल-क्लासची पहिली अडचण क्षमतागुणांची आहे. सोडायच्या क्लासच्या मुख्य गुणात किमान १५ आणि नव्या क्लासच्या मुख्य गुणात किमान १७ असावे लागतात. फायटरचा मुख्य गुण ताकद, मेजचा बुद्धी, क्लेरिकचा शहाणपण आणि थीफचा चापल्य. ज्या क्लासला एकाहून अधिक मुख्य गुण आहेत, त्याच्या प्रत्येक मुख्य गुणाला ही अट लागू होते. रेंजरचे मुख्य गुण ताकद, चापल्य आणि शहाणपण असे तीन असल्यामुळे पुढे रेंजर होण्यासाठी या तिन्हींत १७ हवेत.

सहा बाजूंचे तीन फासे ओळीने टाकायचे, ही दुसऱ्या आवृत्तीतली मूळ पद्धत वापरली तर एका विशिष्ट गुणात १५ किंवा अधिक येण्याची शक्यता २१६ पैकी २० आणि १७ किंवा अधिक येण्याची २१६ पैकी ४ आहे. ताकद १५ आणि बुद्धी १७ दोन्ही एकाच पात्राला मिळण्याची शक्यता सुमारे ५८३ पैकी एक निघते. म्हणून ड्युअल-क्लास ‘ठरवून’ करता येत नाही. फाशांनी तशी संधी दिली तरच तो विचार करावा. चार फासे टाकून सर्वांत लहान वगळण्याची आणि आकडे हव्या त्या गुणाला लावण्याची मुभा असेल, तर गोष्ट बरीच आवाक्यात येते.

दुसरी अट अशी की मूळ क्लासमध्ये निदान दुसरी पातळी गाठलेली असावी. त्यानंतर हवे तेव्हा बदल करता येतो. बदल केला की मूळ क्लास आहे त्या पातळीवर कायमचा गोठतो आणि पुन्हा त्यात वाढता येत नाही. हिट पॉइंट मात्र शाबूत राहतात. नव्या क्लासची पातळी जुन्या क्लासपेक्षा वर जाईपर्यंत नवे हिट पॉइंट मिळत नाहीत, आणि याच काळात सर्वांत जाचक नियम लागू असतो. एखाद्या चकमकीत जुन्या क्लासची कौशल्ये वापरली, तर त्या चकमकीचे अनुभवगुण मुळीच मिळत नाहीत आणि संपूर्ण मोहिमेचेही निम्मेच मिळतात. नवी पातळी जुनीच्या पुढे गेली की मग दोन्ही क्लास मुक्तपणे वापरता येतात, अर्थात चिलखतात मंत्र न म्हणण्यासारखी बंधने तशीच राहतात.

इथे ‘बदल केव्हा करावा’ हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत सापडते. तिसऱ्या पातळीच्या फायटरने मेज व्हायचे ठरवले तर त्याचे ४,००० गुण खर्च झालेले असतात आणि मेजची चौथी पातळी गाठायला आणखी १०,००० लागतात. एकूण १४,००० गुणांवर निव्वळ मेजही चौथ्याच पातळीवर असतो. म्हणजे पातळीचा तोटा शून्य, आणि हिट पॉइंट सरासरी १० ऐवजी १९. सातव्या पातळीपर्यंत थांबले तर फायटरला दोन फेऱ्यांत तीन वार मिळू लागतात, आणि म्हणून पुष्कळजण तिथेच बदल करतात. त्यात ६४,००० गुण खर्च होतात आणि मेजच्या आठव्या पातळीसाठी ९०,००० लागतात. एकूण १,५४,००० गुणांवर निव्वळ मेज नवव्या पातळीवर असतो, म्हणजे अंतिम तोटा एकाच पातळीचा.

कागदावर हा सौदा स्वस्त वाटतो, पण त्यातली ९०,००० गुणांची वाट चालायची कशी, हे कागद सांगत नाही. कालपर्यंत १४ थॅकोने लढणारा वीर आज एक मंत्र आणि कट्यार घेऊन मागच्या रांगेत उभा राहतो, आणि समोर राक्षस आले की हात शिवशिवत असूनही तलवारीला हात लावत नाही. सोबतचे सातव्या-आठव्या पातळीचे मित्र मोठी शिकार करतात, त्या वाटणीतून त्याच्या पहिल्या चार-पाच पातळ्या भराभर निघून जातात, हे खरे. खरी रखडपट्टी सहाव्यापासून आठव्यापर्यंत असते. माझा सल्ला असा की तिसऱ्या किंवा चौथ्या पातळीवर बदल करावा. सातवी पातळी पकडून बदल करायचा असेल, तर गटातल्या दुसऱ्या कोणीतरी पहिली रांग सांभाळण्याचे आधी कबूल केलेले असावे.

अनेकांची या नियमांशी पहिली ओळख १९९८च्या ‘बॉल्डर्स गेट’ या संगणक-खेळातून झालेली असते, कारण तो दुसऱ्या आवृत्तीवर बेतलेला आहे. तिथे संगणक जुन्या क्लासची कौशल्ये सरळ बंद करून टाकतो. टेबलावर ती बंद नसतात. जीव वाचवण्यासाठी तलवार उपसता येते, फक्त अनुभवगुणांवर पाणी सोडावे लागते. हा फरक लहान वाटला तरी खेळाची मजा त्यातच आहे, कारण प्रत्येक चकमकीत निर्णय खेळाडूच्या हातात राहतो.

एक विचित्र पाहुणा: पहिल्या आवृत्तीचा बार्ड

१९७८च्या पुस्तकाच्या शेवटी एका परिशिष्टात बार्ड (गायक-कवी) दिलेला आहे, आणि तो वरच्या कोणत्याही चौकटीत बसत नाही. मानव किंवा हाफ-एल्फाने फायटर म्हणून सुरुवात करायची, किमान पाचवी पातळी गाठायची, पण आठवी गाठण्याआधी थीफ व्हायचे, तिथेही पाचव्या ते नवव्याच्या दरम्यान थांबायचे आणि मग ड्रुइडांकडे शिक्षण घेऊन बार्ड व्हायचे. ताकद, शहाणपण, चापल्य आणि व्यक्तिमत्त्व या चारही गुणांत किमान १५ लागतात, शिवाय बुद्धी १२ आणि काटकपणा १०. नवख्याने हे परिशिष्ट करमणूक म्हणून जरूर वाचावे. दुसऱ्या आवृत्तीत बार्ड हा पहिल्या पातळीपासून घेता येणारा साधा क्लास झाला.

आठवी पायरी: पात्राचा कागद

छापील कागदावर अनुभवगुणांसाठी बहुधा एकच चौकोन असतो. त्यात क्लासच्या संख्येइतके रकाने आधीच आखून घ्यावेत आणि गुण मिळाल्याबरोबर वाटूनच लिहावेत. एकत्रित बेरीज ठेवून नंतर भागाकार करण्याची सवय लागली की कोणत्या क्लासची पातळी केव्हा वाढली आणि कोणता फासा टाकायचा राहिला, याचा पत्ता लागत नाही. ड्युअल-क्लास पात्राच्या कागदावर जुन्या क्लासची गोठलेली पातळी, त्या दिवशीचे हिट पॉइंट आणि नव्या क्लासने कोणती पातळी गाठल्यावर बंधन सुटते तो आकडा, हे तिन्ही ठळक लिहून ठेवावे. मोहिमेच्या ऐन भरात डन्जन मास्टर ‘तू आत्ता तलवार वापरलीस का?’ असे विचारतो, तेव्हा तो आकडा डोळ्यांसमोर असलेला बरा.